ॲझ्युअर बॅकअप : परत आणून पाहिल्यानंतरचे परीक्षण

नाशिकमधील एका औषध वितरक कंपनीच्या अकरा व्हर्च्युअल मशिनांची, म्हणजे क्लाउडवरील आभासी संगणकांची, देखभाल गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. ही सर्व मशिने मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर या क्लाउड सेवेवर, ‘सेंट्रल इंडिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या विभागात चालतात आणि त्यांचा रोजचा बॅकअप ‘ॲझ्युअर बॅकअप’ याच सेवेतून घेतला जातो. या काळात बॅकअप हजारोंनी झाले. रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून परत आणणे, मात्र मी मोजून एकोणीस वेळा केले आणि त्यांतले चारच खऱ्या गरजेपोटी, बाकीचे सरावासाठी. प्रस्तुत परीक्षण त्या एकोणीस वेळांच्या आधारे लिहिले आहे. बॅकअप झाल्याची हिरवी खूण दररोज सकाळी ॲझ्युअरच्या वेब पोर्टलवर दिसते आणि ती पाहून बरे वाटते हे खरे, पण कंपनी दरमहा जे बिल भरते ते त्या खुणेसाठी भरत नाही. गेलेली वस्तू परत मिळावी म्हणून भरते. त्यामुळे सेवेला गुण द्यायचे ते परत मिळण्याच्या बाजूनेच, असे मी आधीच ठरवून टाकले आहे.

सेवेचे काम कसे चालते हे थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. ज्या विभागात मशीन आहे त्याच विभागात एक ‘रिकव्हरी सर्व्हिसेस व्हॉल्ट’, म्हणजे बॅकअप साठवण्याची कोठी, तयार करावा लागतो. ठरलेल्या वेळी मशीनमधील एक्स्टेंशन, म्हणजे एक छोटा पूरक प्रोग्राम, डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत, घेतो. तो स्नॅपशॉट काही दिवस जवळच ठेवला जातो आणि त्यातला डेटा मागाहून व्हॉल्टमध्ये हलवला जातो. पहिला बॅकअप पूर्ण असतो, नंतर फक्त बदललेला भाग जातो. विंडोजच्या मशीनवर व्हीएसएस या विंडोजमधल्याच प्रत घेण्याच्या सोयीच्या मदतीने ॲप्लिकेशनला क्षणभर थांबवून सुसंगत प्रत घेतली जाते. लिनक्सवर मात्र तेवढी सोय आपोआप होत नाही; तेथे फाइल सिस्टीमच्या पातळीपर्यंतच सुसंगती मिळते आणि डेटाबेसही नीटनेटका हवा असेल तर स्नॅपशॉटच्या आधी व नंतर चालणाऱ्या स्क्रिप्ट स्वतः लिहून ठेवाव्या लागतात. आमच्या दोन उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) मशिनांवर मायएसक्यूएल हा डेटाबेस चालतो आणि या स्क्रिप्ट लिहायला मी वर्षभर टाळाटाळ केली, हे कबूल केले पाहिजे. त्या वर्षातले सगळे बॅकअप पोर्टलवर यशस्वीच दिसत होते.

बॅकअप सुरू करायला अर्धा तास पुरतो, आणि या सेवेचे कौतुक करणारे बहुतेक जण त्या अर्ध्या तासाचेच कौतुक करतात. ते रास्तही आहे. वेगळा बॅकअप सर्व्हर नको, टेप नको, परवान्यांची मोजदाद नको. पॉलिसी, म्हणजे बॅकअपची वेळ आणि मुदत ठरवणारे नियम, निवडावी, मशिने टिकमार्क करावीत आणि उठावे. पण त्याच अर्ध्या तासात दोन-तीन निर्णय असे घेतले जातात की ते पुढे बदलता येत नाहीत किंवा बदलायला फार त्रास पडतो, आणि त्या वेळी पडद्यावरचे एक साधे ड्रॉपडाउन एवढेच त्यांचे स्वरूप असते.

पहिला निर्णय प्रती कोठे ठेवायच्या याचा. व्हॉल्टची मूळ निवड ‘जिओ-रिडंडंट’ अशी असते, म्हणजे पुण्यातल्या प्रतींखेरीज एक संच जोडीच्या विभागात, आपल्या बाबतीत ‘साऊथ इंडिया’ म्हणजे चेन्नईला, ठेवला जातो. स्थानिक पर्याय निवडला तर तीन प्रती राहतात खऱ्या, पण त्या एकाच डेटा सेंटरमध्ये. साठवणुकीचा दर स्थानिक पर्यायात साधारण निम्मा पडत असल्यामुळे माझ्या आधी हे काम पाहणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराने तोच निवडून ठेवला होता. व्हॉल्टमध्ये एकदा मशीन नोंदवले गेले की हा पर्याय बदलता येत नाही, आणि एका व्हॉल्टमधले रिकव्हरी पॉइंट, म्हणजे ज्यांच्यापर्यंत मागे जाता येते अशा वेळोवेळच्या प्रती, दुसऱ्या व्हॉल्टमध्ये हलवताही येत नाहीत. आम्हांला त्यामुळे नवा व्हॉल्ट उघडून मशिनांची साखळी पहिल्या बॅकअपपासून पुन्हा सुरू करावी लागली.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कंपनीच्या मालकांनी विचारले, तेव्हा त्यांना मी स्ट्रासबर्गचे उदाहरण दिले. १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच या फ्रेंच कंपनीच्या तेथील डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली आणि शेजारच्या इमारतीचा काही भागही गेला. ज्यांचे सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही तेथेच होते त्यांच्याकडे परत आणायला काही उरले नाही. मालकांना त्याहून अधिक पटला तो कायद्याचा मुद्दा. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनी लेखा नियमांत दुरुस्ती झाली आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेल्या हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर पूर्वीप्रमाणे ‘ठरावीक काळाने’ घेण्याऐवजी ‘दररोज’ घेणे बंधनकारक झाले. पुणे आणि चेन्नई ही जोडी देशाच्या हद्दीत आहे, रोजचा बॅकअप आपसूक होतो, आणि लेखापरीक्षकाला दाखवायला जॉबची यादी पोर्टलमधून काढता येते. भारतीय कंपनीच्या दृष्टीने या सेवेची ही फार मोठी जमेची बाजू आहे, असे माझे मत आहे.

चेन्नईची प्रत आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण तिची एक मर्यादा कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेली असते आणि ती सहसा कोणी वाचत नाही. दुसऱ्या विभागातून रिस्टोअर करायचे तर ‘क्रॉस रीजन रिस्टोअर’ ही सुविधा व्हॉल्टवर मुद्दाम चालू करावी लागते, आणि रोज एकदा बॅकअप घेणाऱ्याची तेथील प्रत ३६ तासांपर्यंत जुनी असू शकते. म्हणजे पुणे विभाग सोमवारी दुपारी बंद पडला, तर चेन्नईत उभे राहणारे मशीन रविवारच्या पहाटेचे असू शकते. औषधांच्या घाऊक धंद्यात दीड दिवसाची बिले पुन्हा उभी करणे हा प्रकार काय असतो, हे ज्याने एकदा केले आहे त्याला वेगळे सांगायला नको. ज्यांना एवढेही चालणार नाही त्यांच्यासाठी ‘साइट रिकव्हरी’ ही सतत प्रत उतरवत राहणारी स्वतंत्र सेवा आहे आणि तिचे बिलही स्वतंत्र आहे.

दुसरी गोष्ट बारीक आहे, पण आमच्याकडे तिनेच सगळ्यात जास्त नुकसान केले. ॲझ्युअरच्या अनेक मशिनांना एक तात्पुरती डिस्क जोडलेली मिळते. विंडोजमध्ये ती सहसा डी ड्राइव्ह म्हणून दिसते. ती वेगवान असते आणि रिकामी असते, म्हणून नव्या माणसाला तेथे काहीतरी ठेवण्याचा मोह होतोच. ही डिस्क बॅकअपमध्ये घेतली जात नाही, आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केले की तिच्यावरचा मजकूर राहील याची हमीही नसते. त्याच कंत्राटदाराच्या माणसाने कुरिअरच्या पावत्यांचे स्कॅन साठवण्याचा फोल्डर डी ड्राइव्हवर नेमून दिला होता. मी मशीनचा आकार वाढवण्यासाठी ते एका रविवारी बंद केले आणि सोमवारी सकाळी सात महिन्यांच्या पावत्या नव्हत्या. डी ड्राइव्ह उघडला तर आत फक्त ‘या डिस्कवरील डेटा नष्ट होऊ शकतो’ असा इशारा देणारी एक टेक्स्ट फाइल होती, जी ॲझ्युअर स्वतःच तेथे ठेवते. सेवेने तिच्या नियमाप्रमाणे काम केले होते, इशाराही दिला होता. तो वाचणारे आम्ही नव्हतो. या प्रसंगानंतर कोणतेही मशीन ताब्यात घेतले की कोणत्या ड्राइव्हवर काय आहे याची यादी मी आधी करतो आणि बॅकअपकडे नंतर वळतो.

आता रिस्टोअरकडे येतो. सर्वांत जास्त वेळा लागते ती एखादी फाइल किंवा फोल्डर परत आणण्याची सोय, आणि या सेवेतील मला सर्वांत आवडलेला भागही हाच आहे. एप्रिलमधील एका सकाळी लेखा विभागाच्या प्रमुख बाईंचा फोन आला. “सर, मार्चअखेरचा फोल्डर दिसत नाहीये हो. कुणी हलवला का?” कोणी हलवला नव्हता, आदल्या संध्याकाळी माउसने ओढताना तो दुसऱ्याच फोल्डरमध्ये गेला होता आणि तो दुसरा फोल्डर जुना म्हणून रात्री पुसला गेला होता. “मॅडम, कोणी काही सेव्ह करू नका, मी बघतो,” असे सांगून मी पोर्टल उघडले.

फाइल सर्व्हरच्या बॅकअपमध्ये ‘फाइल रिकव्हरी’ हा पर्याय निवडला की कोणता रिकव्हरी पॉइंट हवा ते विचारले जाते. हा प्रसंग घडला तेव्हा आमचा बॅकअप रात्री साडेअकराचा होता, असे मी समजत होतो. यादीत वेळ पहाटे पाचची दिसली. पॉलिसी तयार करताना टाइम झोन मूळच्या यूटीसीवरच, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेवरच, राहिला होता, त्यामुळे साडेअकरा म्हणजे आपल्याकडचे दुसऱ्या दिवशीचे पाच. फोल्डर रात्री दहाला पुसला गेला होता. म्हणजे कालचा म्हणून जो पॉइंट मी निवडणार होतो, तो पुसल्यानंतरचा निघाला. सुदैवाने त्याच्या आदल्या दिवशीचाही होता. तो निवडल्यावर एक छोटा प्रोग्राम डाउनलोड होतो आणि एक पासवर्ड दिला जातो. प्रोग्राम चालवून पासवर्ड टाकला की काळी खिडकी उघडते, आयस्कझी या, दूरची डिस्क नेटवर्कवरून जोडण्याच्या मार्गाने जोडणी होते आणि त्या जुन्या क्षणाच्या डिस्क नव्या ड्राइव्हच्या रूपात संगणकावर येऊन बसतात. मला जी आणि एच ही अक्षरे मिळाली. एच उघडला, तर काल पहाटे होता तसा फाइल सर्व्हर समोर होता, ‘मार्चअखेर’सकट. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करण्याच्या साधनाने परवानग्यांसहित फोल्डर मूळ जागी नेला, पोर्टलमधून डिस्क काढून टाकल्या आणि बाईंना फोन केला. पूर्ण मशीन परत आणण्याची गरज पडली नाही, चालू सर्व्हर एक क्षणही थांबला नाही. मधल्या दिवसभरातली कामे तेवढी त्यांच्या दोन सहायकांना पुन्हा करावी लागली.

त्या सकाळी वेळ गेला तो दुसऱ्याच गोष्टीत. या जोडणीसाठी मशीनवरून ३२६० क्रमांकाचे पोर्ट बाहेरच्या दिशेने मोकळे असावे लागते, आणि आमच्या फायरवॉलवर ते मीच बंद करून ठेवले होते. काळ्या खिडकीत जोडणी अडकलेली पाहत मी चाळीस मिनिटे पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत होतो. जोडलेला पॉइंट १२ तासच उपलब्ध राहतो, त्यामुळे रात्री जोडून सकाळी सावकाश काम करू, असा बेत येथे करू नये. लिनक्सवर एलव्हीएम (डिस्कचे ‘व्हॉल्यूम ग्रुप’ नावाचे गट बांधणारी सोय) वापरत असाल तर ही स्क्रिप्ट त्याच मशीनवर चालवू नये, कारण मूळ आणि जुन्या व्हॉल्यूम ग्रुपची ओळख एकच असल्याने दोघांची गफलत होते. त्यासाठी एक छोटे वेगळे मशीन ठेवणे बरे. आणि हा मार्ग लहान फायलींसाठी आहे. पन्नास-साठ जीबीचा संग्रह या वाटेने आणायला बसलात तर दिवस जाईल. त्यासाठी डिस्कच रिस्टोअर करून मशीनला जोडावी.

संपूर्ण मशीन परत आणण्याचे मुख्यतः तीन रस्ते आहेत : नवे मशीन तयार करणे, फक्त डिस्क परत आणणे, किंवा चालू मशीनच्या डिस्क जुन्यांनी बदलणे. नवे मशीन तयार करण्याचा रस्ता पोर्टलवर सर्वांत सोपा दिसतो. नाव, रिसोर्स ग्रुप (ॲझ्युअरवरील संबंधित गोष्टी एकत्र ठेवणारा गट), नेटवर्क आणि मधल्या साठवणुकीसाठी एक स्टोरेज अकाउंट एवढे दिले की काम सुरू होते. पॉइंट अलीकडचा असेल आणि त्याचा स्नॅपशॉट अजून जवळ असेल तर ते झपाट्याने होते. आमचे १८० जीबीचे मशीन मला एकदा पाऊण तासाच्या आत मिळाले. तेच जुन्या पॉइंटवरून, म्हणजे व्हॉल्टमधून डेटा ओढून, आणायला दुपार गेली. साध्या पॉलिसीत हा स्नॅपशॉट १ ते ५ दिवस ठेवता येतो आणि मूळ निवड २ दिवसांची असते. मी ती ५ केली आहे. चूक शुक्रवारी होते आणि सोमवारी लक्षात येते, हा आमच्या कार्यालयाचा अनुभव आहे आणि इतरांचा फार निराळा नसावा.

पण मशीन परत मिळणे आणि काम परत सुरू होणे यांत जे अंतर आहे ते या पडद्यावर कोठेच दिसत नाही. मूळ मशीनचा अंतर्गत आयपी पत्ता कायमचा ठरवून दिलेला असला, तरी रिस्टोअर केलेल्या मशीनला तो मिळत नाही. टक्कर होऊ नये म्हणून त्याला बदलता पत्ता दिला जातो. हे तर्काला धरून आहे. आमच्या विक्री काउंटरवरच्या बावीस संगणकांत मात्र ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर) सर्व्हरचा पत्ता आकड्यांत लिहिलेला होता, त्यामुळे सर्व्हर जिवंत आणि काउंटर मेलेले, अशी अवस्था पहिल्या सरावात झाली. त्यानंतर आम्ही सगळीकडे पत्त्याऐवजी नाव लिहिले. उबुंटूच्या मशीनवर रिस्टोअरनंतर पासवर्डने प्रवेश बंद झालेला असतो, तो पोर्टलमधून नव्याने द्यावा लागतो. मॉनिटरिंगची वगैरे एक्स्टेंशन दिसतात पण चालू नसतात. लोड बॅलन्सर (काम अनेक मशिनांत वाटून देणारी यंत्रणा), एकाहून अधिक नेटवर्क कार्डे असा काही विशेष थाट असेल तर हा सोपा रस्ता उपयोगाचा नाही. डिस्क परत आणून टेम्प्लेटवरून मशीन हाताने उभे करावे लागते. यांतली एकही गोष्ट लपवलेली नाही, सगळ्या दस्तऐवजांत आहेत. परंतु त्या वेगवेगळ्या पानांवर विखुरलेल्या आहेत, आणि ज्या रात्री त्या लागतात त्या रात्री वाचनाची मनःस्थिती नसते. रिस्टोअरचे बटण दाबण्याआधी ‘यानंतर तुम्हांला हे हे करावे लागेल’ अशी एक यादी त्याच पडद्यावर असायला हवी होती. या भागाला मी दहांपैकी सहाच गुण देईन.

डिस्क बदलण्याचा रस्ता मी एकदाच वापरला, एका अपडेटने बिघडलेल्या मशीनसाठी, आणि तेथे तो अगदी योग्य ठरला : नाव तेच, नेटवर्क तेच, पत्ता तोच. बदलण्याआधी सेवा चालू अवस्थेचा स्नॅपशॉट स्वतःहून घेते, हे विशेष आवडले. काढलेल्या जुन्या डिस्क रिसोर्स ग्रुपमध्ये तशाच राहतात आणि त्यांचे भाडे चालू राहते, एवढे ध्यानात ठेवावे.

ईआरपीचा डेटाबेस, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर, असलेल्या मशीनसाठी रोजचा बॅकअप पुरेसा आहे का, हा प्रश्न मला अनेक स्नेह्यांनी विचारला आहे. माझे उत्तर ठामपणे नकारार्थी आहे. पॉलिसी ‘एन्हान्स्ड’ प्रकारची घेतली तर दर ४ तासांनी प्रत घेता येते, तरीही दुपारी एकला कोणी चुकीची क्वेरी चालवली तर सकाळपासूनच्या नोंदी जातात. याच व्हॉल्टमध्ये एसक्यूएलसाठी स्वतंत्र सोय आहे, तिच्यात लॉगचा, म्हणजे डेटाबेसमधील बदलांच्या नोंदींचा, बॅकअप दर १५ मिनिटांनी घेता येतो आणि ठरावीक क्षणापर्यंत डेटाबेस मागे नेता येतो. तिचे शुल्क वेगळे पडते. मशीनचा बॅकअप म्हणजे घर परत मिळणे आणि डेटाबेसचा बॅकअप म्हणजे तिजोरीतला ऐवज परत मिळणे, असे मी मालकांना समजावले आणि त्यांनी खर्चाला मान्यता दिली.

सुरक्षिततेच्या बाजूने पाहता बॅकअप चुकून जाण्यापेक्षा मुद्दाम पुसला जाण्याची भीती हल्ली अधिक आहे. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या ॲमेझॉनवरील नियंत्रण पॅनेलमध्ये खंडणीखोर शिरला, त्याने मशिनांबरोबर स्नॅपशॉट व बॅकअपही पुसले आणि ती कंपनी काही तासांत संपली. ॲझ्युअर बॅकअपमध्ये पुसलेला बॅकअप १४ दिवस कोणतेही शुल्क न लावता राखून ठेवला जातो आणि ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. व्हॉल्ट ‘अपरिवर्तनीय’ करता येतो, म्हणजे मुदत संपण्याआधी रिकव्हरी पॉइंट कोणालाच पुसता येत नाही. तो कायमचा कुलूपबंद केला तर मालकालाही हे बंधन हटवता येत नाही. शिवाय संरक्षण बंद करण्यासारख्या कृतींना दुसऱ्या व्यक्तीची मान्यता लागेल, अशीही रचना आहे. आमच्याकडे ही दुसरी व्यक्ती म्हणजे कंपनीचे सनदी लेखापाल आहेत, ज्यांना व्हॉल्ट म्हणजे काय हे माहीत नाही, पण माझा फोन आल्याशिवाय मान्यता द्यायची नाही हे पक्के माहीत आहे. या भागाला मी पूर्ण गुण देतो.

तरीही एकाच खात्यात, एकाच पुरवठादाराकडे सर्व काही ठेवू नये. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियातील निवृत्तिवेतन निधीचे गूगल क्लाउडवरील खासगी क्लाउडचे सबस्क्रिप्शन चुकीच्या मांडणीमुळे पुसले गेले, तेव्हा दुसऱ्या पुरवठादाराकडे असलेले बॅकअप उपयोगी पडले, असे दोन्ही संस्थांनी मिळून जाहीर केले होते. आम्ही दर महिन्याला ईआरपीच्या डेटाबेसची एक एन्क्रिप्ट केलेली प्रत डिस्कवर घेऊन बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो. जुनाट वाटेल, पण लॉकरचे वर्षाचे भाडे क्लाउडच्या एका महिन्याच्या बिलाहून कमी आहे.

बिलाविषयी दोन शब्द. आकारणी दोन भागांत होते : प्रत्येक संरक्षित मशीनमागे त्याच्या आकारानुसार ठरावीक रक्कम, म्हणजे ५० जीबीपर्यंत एक दर, ५० ते ५०० जीबी दुसरा, आणि त्यापुढे प्रत्येक ५०० जीबीला तेवढीच भर, आणि दुसरा भाग प्रत्यक्ष साठवणुकीचा. जवळ ठेवलेल्या स्नॅपशॉटचे शुल्क मात्र बॅकअपच्या मथळ्याखाली येत नाही, ते डिस्कच्या खर्चात मिसळलेले असते, त्यामुळे ‘बॅकअपला किती लागतात’ या साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला दर महिन्याला थोडी बेरीज करावी लागते. बंद केलेल्या मशीनचा बॅकअप ‘डेटा ठेवून थांबवा’ या पर्यायाने थांबवला, तर शुल्क चालूच राहते, हेही नव्यांना माहीत नसते. मासिक आणि वार्षिक पॉइंट स्वस्त अशा आर्काइव्ह स्तरावर हलवता येतात; तेथे किमान १८० दिवसांचे भाडे धरले जाते आणि परत मागवताना, घाई नसेल तर, १५ तासांपर्यंत थांबावे लागते. वार्षिक हिशेबांसाठी ते चालते.

सूचनांची व्यवस्था बरी आहे, पण अपयशाची सूचना पोर्टलवर उमटणे आणि ती आपल्या मेलवर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी नियम स्वतः जोडावा लागतो. तसेच, सेवा स्नॅपशॉट ठेवण्यासाठी ‘ॲझ्युअर बॅकअप आरजी’ने सुरू होणाऱ्या नावाचा एक रिसोर्स ग्रुप आपणहून तयार करते. तो अनोळखी दिसतो म्हणून त्याला कोणी कुलूप लावू नये. लावले की जुने पॉइंट साफ होत नाहीत आणि बॅकअप अपयशी ठरू लागतात.

दहा-पंधरा मशिने असलेल्या, सगळा पसारा ॲझ्युअरवरच असलेल्या आणि स्वतंत्र बॅकअप प्रशासक परवडत नसलेल्या संस्थेला मी ही सेवा घ्यायला सांगेन, पण पहिल्याच महिन्यात एक पूर्ण मशीन उभे करून पाहण्याच्या अटीवर. ज्यांची अर्धी मशिने कार्यालयातील रॅकमध्ये आणि अर्धी दोन वेगळ्या क्लाउडवर आहेत, त्यांना सगळ्यांवर एकच पडदा देणारे एखादे त्रयस्थ उत्पादन सोयीचे पडेल.

आमचा सराव आता दर तिमाहीच्या दुसऱ्या शनिवारी होतो. इतर कशालाही न जोडलेले एक रिकामे व्हर्च्युअल नेटवर्क त्यासाठी राखून ठेवले आहे, कारण परत आणलेला ईआरपी सर्व्हर चुकून खऱ्या नेटवर्कमध्ये जागा झाला तर तो व्यापाऱ्यांना जुन्या थकबाकीचे मेल पाठवू लागेल. गेल्या वेळी लेखा विभागाच्या त्याच बाई शेजारी येऊन बसल्या. मशीन उभे राहिले, पासवर्ड घेतला, ईआरपी उघडले. त्यांनी वहीत आदल्या रात्री बॅकअपच्या आधी लिहून ठेवलेला शेवटचा बिल क्रमांक वाचला, मी पडद्यावरचा वाचला. दोन्ही जुळले. मग त्यांनी वहीचे पान उलटून विचारले, “आणि सर, त्या कुरिअरच्या पावत्या आता कोणत्या ड्राइव्हवर जातात?” मी ई ड्राइव्ह उघडून फोल्डर दाखवला, तेव्हाच त्यांनी सराव झाल्याच्या नोंदीवर सही केली.